जलसा उठल्यावर काय उरते?

कलेने समाज बदलत नाही, हे सांगणारी मंडळी अलीकडे फार आत्मविश्वासाने बोलू लागली आहेत. गाणी म्हणून पाणवठा खुला होत नाही, पथनाट्याने हुंडा थांबत नाही, पोवाड्याने मजुरी वाढत नाही. बदल घडवतात ते कायदा, पैसा आणि यंत्र, असा त्यांचा सूर असतो. त्यातले अभ्यासू लोक हवेत बोलत नाहीत, आकडे काढतात. त्यांचा सर्वांत बोचरा आकडा महाराष्ट्राचाच आहे. प्रतिवाद करायचा तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

१९८३ साली ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी उभे केले. नाट्यगृहापेक्षा वस्त्यांत आणि गावोगावच्या मोकळ्या जागांत ते जास्त गाजले. वर्षानुवर्षे प्रयोग होत राहिले, इतर भाषांतही ते गेले. स्त्रियांच्या प्रश्नावर इतके दूरवर पोचलेले दुसरे मराठी नाटक सांगणे अवघड. आणि याच काळात जनगणनेने काय दाखवले? राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या, २०११ साली ८९४. नाटक चालत राहिले आणि मुली घटत राहिल्या. टीकाकार इथे थांबतात आणि हात झटकतात.

आकडे खरे आहेत. पण त्याच तराजूत कायदाही ठेवून पाहावा. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६ पासून लागू झाला. म्हणजे घसरण झाली ती आधी राज्याचा आणि मग केंद्राचा कायदा पुस्तकात असताना. मग कायद्याने समाज बदलत नाही असे कोणी म्हणते का? तिथे लगेच कारणे पुढे येतात: अंमलबजावणी ढिली होती, डॉक्टरच सामील होते, सोनोग्राफीची यंत्रे तालुक्याच्या गावापर्यंत पोचली होती. कारणे रास्तच आहेत. मात्र कायद्याला जी सवलत मिळते ती नाटकाला नाही. नाटकाने भरल्या बाजारात एकट्याने उभे राहून यंत्र, डॉक्टर, सासू आणि सातबारा या सगळ्यांना हरवायचे, आणि नाही जमले तर नाटकच कुचकामी!

या हिशेबातली खरी गफलत वेगळीच आहे. नाटकाचा परिणाम समोर बसलेल्या माणसात शोधायचा, असे टीकाकार गृहीत धरतात. प्रयोग पाहून किती जणांचे मन पालटले, घरी जाऊन किती जण वेगळे वागले? पण ‘मुलगी झाली हो’ने सर्वांत आधी बदलल्या त्या ते करणाऱ्या बायका. नोकरी, घर, स्वयंपाक उरकून तालमीला येणाऱ्या, चारचौघांत मोठ्याने बोलायची सवय नसलेल्या स्त्रिया प्रयोगाच्या निमित्ताने परक्या गावात जायला, प्रयोगानंतर थांबून बायकांशी बोलायला शिकल्या. नाटक संपल्यावर एखादी बाई हळूच कोपऱ्यात येऊन आपली हकिगत सांगू लागली, तर तिला कुठे पाठवायचे हा प्रश्न नाटकवाल्यांपुढेच उभा राहणार. स्त्री मुक्ती संघटनेने कौटुंबिक सल्ला केंद्रे चालवली आणि १९९८ पासून ‘परिसर विकास’ या उपक्रमातून मुंबईतल्या कचरावेचक स्त्रियांना संघटित केले. ही सगळी कामे नाटकातूनच निघाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण वस्तीत शिरायची वाट आणि तिथे उभे राहायची हिंमत ज्या संघटनेला नाटकाने दिली, तिच्या खात्यावर केवळ टाळ्या मांडणे हा हिशेब नव्हे.

मुद्दा असा, की संहितेपेक्षा फड महत्त्वाचा. काय सांगितले यापेक्षा कोण सांगत होते, कुठे उतरले होते, कोणाच्या घरी जेवले आणि दुसऱ्या दिवशी त्या गावात कोण उरले, यावर सगळे अवलंबून असते.

याचा जणू मुद्दाम करून पाहावा असा प्रयोग मराठीत घडून गेला आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, बाई आणि तिच्या नवऱ्याशी वाद घालणारा पाद्री, मध्येमध्ये टोमणे मारणारा विदूषक आणि शेवटी फुल्यांच्या रात्रशाळेची वाट धरणारे ते शेतकरी जोडपे. आशय धगधगता, भाषा जिवंत. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले, कमिटीने नाकारले. नाटकाला फड मिळाला नाही, छापखानाही मिळाला नाही, आणि ते प्रसिद्ध व्हायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे हे नाटक कागदावरच राहिले. ‘कलेत ताकद असते’ असे भाबडेपणाने म्हणणाऱ्यांनीही याचे उत्तर द्यायला हवे. उत्तम संहिता होती, लेखक साक्षात फुले होते, तरी नाटक हलले नाही.

हलला तो जलसा. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढच्या काही दशकांत त्याच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा उचलला. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, गण आणि वगही तेच. फक्त गणात गणपतीऐवजी सत्याचा महिमा आला आणि वगात राजाराणीऐवजी सावकार, कुलकर्णी, भटजी यांची फसवेगिरी उघडी पडू लागली. जलसेकरी मोठे लेखक नव्हते. बऱ्याच जणांची नावेही आज सापडत नाहीत. पण ते शेतकरी होते, ऐकणाऱ्यांच्या जातीगोतातले होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. भटजीविना लग्न लावा, एवढे सांगून ते थांबत नसत. ते लावायचे कसे हे त्यांना ठाऊक होते. पहिले सत्यशोधक लग्न १८७३ सालच्या डिसेंबरातच लागले होते. गेल ऑम्व्हेट यांनी वासाहतिक समाजातल्या सांस्कृतिक बंडावरील आपल्या १९७६ च्या ग्रंथात साताऱ्याकडच्या कुळांच्या १९१९ ते १९२१ च्या उठावाचा मागोवा घेतला आहे. त्या उठावाआधी त्या मुलखातून जलसे हिंडलेले होते. कुळांनी जमीनदाराचा वाटा आणि भटजीची दक्षिणा या दोहोंना एकाच वेळी हात घातला, कारण जलशाने त्यांना या दोन गोष्टी एकत्र बघायला शिकवले होते.

इथे टीकाकारांचा दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा चांगला आहे. गाणी चळवळीच्या मागून येतात, असे ते म्हणतात. चळवळ आधीच पेटलेली असते, शाहीर फक्त तिच्यावर हात शेकून घेतो. बदलाचे श्रेय पुढाऱ्याचे, संघटनेचे, फार तर परिस्थितीचे, डफवाल्याचे नव्हे.

सत्यशोधकांच्या पाठोपाठ आलेल्या आंबेडकरी जलशांकडे नीट पाहिले तर हा आक्षेप अर्धाच टिकतो. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांवरचे जगणे सोडा असे सांगितले. परिषदेला काही हजार माणसे होती. पण महारवाडा तर महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक गावाला होता. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ अशी पत्रे निघाली, ती वाचणार कोण? वस्तीत अक्षर ओळखणारा एखादाच. तो वाचून दाखवणार तेव्हा बाकीचे ऐकणार. हा निरोप गावकुसाबाहेरच्या त्या वस्त्यांपर्यंत कंदिलाच्या उजेडात पोचवला तो जलशांनी. नाशिक भागातले भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी हे त्यातले अग्रणी. कर्डकांनी पुढे या जलशांचे स्वरूप आणि कार्य यावर पुस्तकच लिहून ठेवले. नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. एवढा काळ खेड्यांतून माणसे आणि उत्साह येत राहणे हे पत्रकांचे काम नव्हते.

जलशाच्या आत थोडे डोकावून पाहावे. ढोलकी आणि टाळ वाजू लागले की लहान पोरे पुढे येऊन बसत, बाया मागे अंधारात. गण व्हायचा तो बाबासाहेबांच्या नावाचा. चाली लोकांच्या ओठांवरच्या, तमाशातल्या किंवा नव्याने गाजणाऱ्या. मग सवालजबाब रंगे. जुन्या वळणाचा म्हातारा आणि चार बुके शिकलेला तरुण यांच्यात वाद. म्हाताऱ्याला मूर्ख ठरवून चालत नसे, कारण समोर बसलेले निम्मे लोक तोच युक्तिवाद करणारे होते: येसकराची भाकर सोडली तर खायचे काय, ढोर ओढायला नाही गेलो तर पाटील गावात राहू देईल का? हे सवाल नाटकी नव्हते. ज्या गावांनी ही कामे सोडली त्यांच्यावर बहिष्कार पडले, दुकानाचे दार बंद झाले, मारहाण झाली. जलशातल्या तरुणाला त्याचे उत्तर द्यावे लागे, आणि उत्तर जमले नाही तर प्रेक्षकांतून आवाज येई. आज ज्याला ‘सहभागी रंगभूमी’ म्हणून कार्यशाळांमध्ये शिकवतात, ते या माणसांनी पोटतिडकीने केले, प्रमाणपत्राशिवाय.

परिणाम मोजायचाच असेल तर एक तारीख ध्यानात घ्यावी. गावकामाला जुंपणारे महार वतन रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली आला. बाबासाहेबांनी त्यासाठी विधिमंडळात विधेयक आणले होते ते १९२८ सालीच, ते काही संमत झाले नाही. मधल्या तीस वर्षांत असंख्य वस्त्यांनी ढोर ओढणे, पडीचे मांस खाणे, घरोघर भाकरी मागणे आपणहून सोडले, कायदा पाठीशी नसताना, उलट वतन गमावण्याचा धोका पत्करून. कायद्याने समाज बदलतो म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा पाहावा. इथे समाज आधी बदलला, कायदा तीस वर्षांनी आला. श्रेय अर्थातच चळवळीचे. पण जलसा ही या चळवळीची सजावट नव्हती, बऱ्याच गावांत चळवळ म्हणजे जलसाच होता. शाखा नाही, कार्यालय नाही, वर्तमानपत्र नाही. वर्षातून एकदा येणारी सात-आठ माणसे, त्यांची ढोलकी, आणि ती गेल्यावर वस्तीत मागे राहिलेली गाणी.

हीच चळवळ कलेबाबत भोळी मात्र नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, असा प्रसंग सांगितला जातो. वस्तीतल्या बाईला नाचवून मिळालेला पैसा नको, ही भूमिका. म्हणजे तमाशाचा साचा घेतला, पण त्यातली बाईची विटंबना टाकली. कला आहे म्हणून सगळेच पवित्र, असे त्यांनी मानले नाही. आजच्या ‘लोककला वाचवा’ म्हणणाऱ्यांना हा विवेक अवघड जातो.

कलेच्या बाजूने बोलणारे लोक एक हुकमी पान नेहमी टाकतात: सरकारे घाबरतात म्हणजे कलेत दम असणारच. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा, ‘कीचकवध’वरची १९१० ची बंदी, स्वातंत्र्याच्या सुमारास मोरारजी देसाई गृहमंत्री असलेल्या मुंबई सरकारने तमाशावर आणलेली बंदी, अण्णा भाऊ साठे यांच्या वगांमागे लागलेले पोलीस. यादी मोठी आहे, पण युक्तिवाद लंगडा आहे. सरकार साध्या अफवेलाही घाबरते. बंदीवरून सरकारच्या मनातली धास्ती कळते, लोकांत काय घडले ते नाही. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची थोरवी त्याच्यावर बंदी आली यात नाही. १९४४ साली उभे राहिलेले हे पथक दहा-बारा वर्षे गिरणगावात आणि खेड्यांत हिंडून तयार झाले होते, म्हणून संयुक्त महाराष्ट्राची वेळ आली तेव्हा मुंबईच्या कामगाराला मराठी मुलखाच्या मागणीशी जोडणारा आवाज आयता हाताशी होता. आंदोलन पेटल्यावर असा आवाज घडवायला बसले असते तर १ मे १९६० उजाडून गेला असता.

आता टीकाकारांचे जिथे बरोबर आहे तिथे त्यांना मान द्यायला हवा. आज ‘कलेतून जनजागृती’ या नावाखाली जे चालते ते पाहून कोणाचाही विश्वास उडेल. योजनांच्या प्रसिद्धीसाठी नेमलेले कलापथक जीपमधून येते. ग्रामपंचायतीसमोर फलक बांधला जातो, त्यावर योजनेचे नाव आणि मंत्र्यांचे फोटो. ढोलकी वाजते, एक गाणे, एक दारुड्याचा विनोदी प्रवेश, मग योजनेच्या अटी पाठ केल्यासारख्या म्हटल्या जातात. मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढले जातात, सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी कार्यक्रम झाल्याच्या दाखल्यावर सही-शिक्का मारतात आणि पथक पुढच्या गावाला जाते, कारण दिवसात आणखी प्रयोग उरकायचे असतात. कलावंतांची यात चूक काडीचीही नाही. गुणी माणसे आहेत, बिल निघायची वाट पाहत कर्ज काढून घर चालवतात. पण गावात कोणाला प्रश्न विचारायचा असेल तर उत्तर द्यायला तिथे कोणी थांबत नाही. कॉलेजांच्या पथनाट्यांची गत वेगळी नाही. काळे कुर्ते, कमरेला ओढण्या, एक डफली, आणि विषय कोणताही असो, शेवटी गोल करून हात वर. स्पर्धेचा चषक मिळतो. ज्या वस्तीवर नाटक बेतलेले असते तिने ते पाहिलेलेच नसते.

संत गाडगेबाबांच्या नावाने राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान निघाले, त्याने कित्येक गावांत चांगले कामही झाले. पण गाडगेबाबांची रीत आठवा. गावात शिरले की आधी हातात खराटा, दिवसभर रस्ते झाडायचे. संध्याकाळी कीर्तन. कीर्तनात प्रश्न विचारायचे, समोरच्या अडाण्याकडून उत्तर काढून घ्यायचे आणि त्या उत्तरानेच त्याला कोंडीत पकडायचे: कर्ज काढून सण का, बोकड का कापता, पोरगा शाळेत का नाही. झाडणारा आणि बोलणारा माणूस एकच होता, म्हणून ते बोलणे पोचत होते. सरकारी अभियानात झाडणारा एक, गाणारा दुसरा आणि बक्षीस स्वीकारणारा तिसरा. टीकाकार या तिघांना पाहतात आणि कलेला नापास करतात. परीक्षा मात्र कंत्राटाची चाललेली असते.

प्रचारकी कला ही कलाच नव्हे, असे म्हणणारे रसिकही या वादात उतरतात. त्यांच्यासाठी फार शाई खर्च करायला नको. सवालजबाबात समोरच्याची बाजू कच्ची ठेवली तर फड पडतो, हे तमासगिराला कोणत्याही समीक्षकापेक्षा चांगले ठाऊक असते. वाईट प्रचार आधी कला म्हणून पडतो, म्हणूनच प्रचार म्हणूनही पडतो.

जुन्या काळाबद्दल हळवे व्हावे असे यात काही नाही, कारण हे आजही जमते. २०१२ साली अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ बसवले ते पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन, त्यांच्या युनियनच्या सोबतीने. फुल्यांवरचे हे नाटक आधीपासून होतेच. झाडू मारणाऱ्या, गटारे उपसणाऱ्या माणसांनी आपल्या कामाच्या वेळा सांभाळत तालमी केल्या, फुले वाचले, लांबलचक संवाद तोंडपाठ केले आणि नाट्यगृहांत प्रयोग लावले. जो मध्यमवर्ग सकाळी या माणसांकडे मान वळवूनही पाहत नाही तोच संध्याकाळी तिकीट काढून समोर बसला. प्रेक्षक किती बदलले ते कोणी सांगू शकणार नाही. पण युनियनच्या सभेत एरवी मागे बसणारा कामगार हजार लोकांसमोर सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या नावाने बोलू लागतो, तेव्हा त्या युनियनला काहीतरी मिळालेले असते, आणि पगारवाढीच्या पुढच्या वाटाघाटीत ते उपयोगी पडते.

शेवटचा आक्षेप नव्या पिढीचा आहे. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, भीमगीत एका बोटावर ऐकू येते, मग जलसा हवा कशाला? गाणे पोचवायचे असेल तर खरेच नको. भीमगीतांचे शाहीर वामनदादा कर्डक यांची गाणी त्यांच्या पश्चात जितक्या कानांत गेली तितकी ते गावोगाव हिंडत होते तेव्हाही गेली नसतील. पण फोनवरचे गाणे एकेकट्याच्या कानात जाते. वस्तीत रात्रभर बसून ऐकणारे लोक त्याने जमत नाहीत, शाहीर कोणाच्या घरी उतरत नाही, आणि ऐकता ऐकता ढोलकी मागून घेणारा पोरगाही तयार होत नाही. १४ एप्रिल, म्हणजे बाबासाहेबांची जयंती, जवळ आली की हा वाद कित्येक वस्त्यांत अगदी रोखठोक रूपात होतो. जयंती मंडळाकडे वर्गणी जमलेली असते. तरुणांना डीजे हवा असतो, वयस्क मंडळींना गायन पार्टी. डीजेचे भाडे गायन पार्टीच्या बिदागीच्या कितीतरी पट असते, तरी बहुतेक ठिकाणी डीजेच येतो. काही मंडळांनी मात्र डीजे बंद करून ते पैसे अभ्यासिका आणि व्याख्यानांकडे वळवले आहेत. हा वाद कोणत्याही परिषदेत ठरणार नाही. तो मंडळाच्या बैठकीत, पावतीपुस्तक पुढ्यात ठेवूनच लढवावा लागेल.